वाकड्या वाती

आमच्या मालकांविषयी लिहायचे ठरवले, तेव्हा सवयीप्रमाणे आधी कागदावर मुद्दे उतरून काढले. ते एकोणीस भरले. घरच्यांनी वाचून त्यांतले सहा "हे कोणाला पटणार नाही" म्हणून खोडले. मला विचाराल तर तेच सहा सर्वांत खरे आहेत, आणि मी मुख्यतः तेच सांगणार आहे.

पहिला रहाटाचा.

मी तेव्हा ठाण्याच्या कचेरीत दप्तरखान्यावर कारकून होतो. वय सत्तावीस, लग्न होऊन पाच वर्षे झालेली. चरईत मालकांच्या घरात आम्ही भाड्याने राहत असू. खाली आमचे आणि एका वकिलांचे बिऱ्हाड, माडीवर पोस्टातले मास्तर आणि मागच्या दोन खोल्यांत मालक एकटेच. परसात विहीर होती. तिचा रहाट इतका जड फिरे आणि इतका ओरडे, की पहाटे आळीला कोंबड्याची गरज नसे. राहायला आलो त्याच आठवड्यात मी वाटीत तेल घेऊन रहाटाशी गेलो. मागून आवाज आला,

"कोणाला विचारून?"

"तेल घालतोय. फार जड जातो."

"जड जायलाच पाहिजे. मास्तरांचा उजवा खांदा अजून कानापर्यंत येत नाही. गणपती झाले की बघू."

गणपती झाले. मास्तरांचा खांदा कानापर्यंत आला. पण तोवर वकिलांच्या मेव्हण्याचा खांदा धरला होता, त्यामुळे तेल पुन्हा राहिले.

मालकांची उमर पलटणीच्या इस्पितळात जखमा बांधण्यात गेली होती. पेन्शन घेऊन ते ठाण्यात आले ते धोतरावर पलटणीचा जुना कोट घालूनच, आणि तो कोट मी त्यांच्या अंगावरून उतरलेला पाहिला नाही. त्याला पितळेची दोनच बटणे उरली होती. ती रोज घासलेली असत. डावा गुडघा काठीसारखा सरळ राहिलेला. चालताना तो पाय अर्धवर्तुळ काढून पुढे येई. तशा पायाने ते रोज सकाळी घराजवळच्या तळ्याला दोन फेऱ्या घालत आणि परत येताच अंगणात उभे राहून बिऱ्हाडांना हाका मारत. नावाने नव्हे.

"खांदा उठला का?" ही हाक मास्तरांना.

"कंबर घरात आहे का?" ही वकिलांना.

"कंबर कोर्टात गेली," वकिलांची पत्नी आतून सांगे. सुरुवातीला ती या हाकेने संतापत असे. पुढे तिला त्याचे काही वाटेनासे झाले.

दुखणाऱ्या माणसाशी ते बोलतच नसत, दुखणाऱ्या अंगाशी बोलत. एकदा वकील अंगणात त्यांना आपल्या कमरेची हकीकत सांगू लागले. केव्हा लचकली, कोणत्या बाजूने कळ येते, थंडीत काय होते, सगळे सविस्तर. मालक वाकून वकिलांच्या पाठीकडे पाहत म्हणाले, "तुम्ही थांबा. तुम्ही वकील आहात, तुम्ही बाजू मांडाल. मी कमरेला विचारतोय." मग वकिलांच्या दाराची वरची कडी त्यांनी काढून टाकली आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर नवी ठोकली. दिवसातून आठ-दहा वेळा वाकल्याशिवाय वकिलांना घरात जाता येईना की बाहेर पडता येईना. पहिले पंधरा दिवस ते कडीला आणि मालकांना शिव्या देत वाकत. नंतर नुसते वाकू लागले.

औषध त्यांनी कधी कोणाला दिले नाही. वैद्यांना आणि डॉक्टरांना नावेही ठेवली नाहीत. म्हणत, "दुखणं वैद्याचं. वैद्य निघून गेल्यावर जो हात उरतो तो माझा."

कोपरीकडच्या मिठागरावरचा एक आगरी त्यांच्याकडे आला होता. हात मोडून हाड बसलेले, पण कोपर उघडेना. मालकांनी त्याला पाटी अर्धी भरून उचलायला सांगितली, दर आठवड्याला ओंजळभर मीठ जास्त. आठ दिवसांनी तो कुरकुरत परत आला. "मालक, अर्धी पाटी घेऊन जातो त बाया हसतान मना."

"हसू देत. त्यांच्या हसण्यानं हात मोडत नाही. या आठवड्याची ओंजळ घातलीस का?"

"घातली."

"मग हसायला आता तेवढं कमी राहिलं."

गुडघ्याबद्दल मात्र विचारलेले त्यांना आवडत नसे. एकदाच, कसे कोण जाणे, आपण होऊन बोलले. पलटणीत नवे असताना घोड्यावरून पडले, सहा महिने फळीला पाय बांधून पडून राहिले, सगळ्यांनी फार माया केली. "पाणी हातात, जेवण हातात. हाड बसलं. फळी सोडली, तेव्हा गुडघा वाकायचं विसरून गेला होता. त्याला कोणी वाकायलाच लावलं नाही." एवढे बोलून ते उठले आणि तळ्याची तिसरी फेरी घालायला गेले.

त्या गुडघ्यामुळे ते कोणाकडे जेवायला जात नसत. पंगतीत पाटावर बसायचे तर मांडी घालता येत नाही. पाय पसरावा तर समोरच्याच्या पानाकडे जातो. म्हणून मुंज असो, सत्यनारायण असो, त्यांचे ठरलेले उत्तर, "पोट ठीक नाही." सगळी आळी समजत असे की मालकांचे पोट जन्माचे बिघडलेले आहे.

आता आईचे.

आई कल्याणास माझ्या थोरल्या भावाकडे असे. एके दिवशी पहाटे तिची उजवी बाजू गेली. वाचा गेली नाही एवढे नशीब. वैद्यांनी तेले दिली, पथ्य सांगितले आणि अगदी हलू देऊ नका म्हणून बजावले. घरच्यांनी ते इतके मनापासून पाळले, की चार महिन्यांत आईला कोणी एकटीने कूसही बदलू दिली नाही. नंतर भावाची बदली झाली आणि मी तिला ठाण्यास आणायला गेलो. आगगाडीत तिला दोघांनी उचलून ठेवले. पारसिकच्या बोगद्यात अंधार झाला, तेव्हा ती हळूच म्हणाली, "अरे, मी तुला ओझं होणार."

मी याद्या करणारा माणूस. घरी पोचल्यावर यादी केली. पाय: आधाराने चार पावले. खांदा: उचलत नाही. बोटे: मिटलेली, उघडली तर परत मिटतात. जेवण: भरवावे लागते. ते शेवटचे मी लिहिले तेव्हा त्यात काय आहे ते मला कळले नव्हते.

मालकांना मी बोलावले नाही. ते आपणच तिसऱ्या दिवशी दारात येऊन उभे राहिले. येथे एक अडचण होती. आई विधवा, जुन्या वळणाची, सोवळ्यात राहणारी. परपुरुषाने तिच्या हाताला हात लावण्याचा प्रश्नच नव्हता, आणि तिने त्यांच्याशी बोलणेही शक्य नव्हते. मालक उंबऱ्याबाहेरच थांबले. आई भिंतीशी पाटावर बसलेली, तांबड्या लुगड्याचा पदर पुढे ओढून. मालकांनी तिच्याकडे पाहिलेच नाही. त्यांनी तिच्या मांडीवर पडलेल्या उजव्या हाताकडे पाहिले आणि त्यालाच म्हणाले,

"काय रे? चार महिने झोपा काढल्यास?"

मग पदराआडून आवाज आला. माझ्याकडे तोंड करून आई म्हणाली, "त्यांना सांग, झोपला नाही. झोपवला."

"हाताला जीभ आहे," मालक म्हणाले. "मग काम होईल."

त्या दिवसापासून त्यांचा संवाद असाच चालला. ते हाताशी बोलत आणि आई माझ्याशी किंवा माझ्या पत्नीशी बोलून हाताच्या वतीने उत्तर देई. दोघांनाही सोयीचे झाले. रीतही मोडली नाही.

मालकांनी मला गेरू भिजवायला सांगितले. आई पाटावर बसली की तिचे ओठ जिथे येतात, त्या उंचीवर भिंतीला एक आडवी रेघ काढून घेतली. "ही तोंडाची रेघ." मग हात स्वतःच्या बळाने जेवढा उचलता येईल तेवढा उचलायला लावला आणि मनगट पोचले तिथे माझ्याकडून खूण करून घेतली. ती तोंडाच्या रेघेच्या एक वीत आणि चार बोटे खाली होती. "दर सोमवारी खूण करायची. बाकी मला काही सांगू नका, भिंतच सांगेल."

दुसरा हुकूम असा, की रोज दोन तास डावा हात पदरात बांधून ठेवायचा.

"त्यांना विचार," आई म्हणाली, "माशी बसली तर कशानं हाकलू?"

"उजव्यानं."

"तो हलत नाही म्हणावं."

"माशी हलवील," मालक हाताला म्हणाले.

हे खूळ कुठून आले ते मला नंतर कळले. पलटणीत एका शिपायाचा एक हात लुळा पडलेला होता. पुढे तो शिपाई घसरून पडला आणि त्याचा चांगला हातही मोडला. नाइलाजाने तो लुळ्या हाताने लोटा धरू लागला, आणि चांगला हात बरा होईपर्यंत लुळा कामाला लागला होता. मालकांनी ते पाहून ठेवले होते. त्यांची सगळी विद्या अशीच, पाहून ठेवलेली.

पण आई हात हलवीना. वीस वेळा वर, वीस वेळा खाली, हे तिला पटेना. "उगाच हवेत हात नाचवायला मी काय वेडी आहे?" दोन सोमवार भिंतीवरच्या खुणा एकाच जागी पडल्या. तिसऱ्या सोमवारी मालक कापसाची पिशवी घेऊन आले. सरकी न काढलेला कापूस. उंबऱ्यावर ठेवून हाताला म्हणाले, "फुलवाती वळायच्या. लाख वातींचा नेम धर. आधी सरकी काढायची, मग वात. रोज वीस. सगळं तूच करायचंस."

मालकांना मी कधी देवळात गेलेले पाहिले नव्हते. पण हे त्यांनी बरोबर ओळखले, की व्यायाम म्हटल्यावर हात न उचलणारी बाई व्रत म्हटल्यावर उचलील. आई पदराआड हिशेब करत होती. "अरे, रोज वीस तर लाख व्हायला किती दिवस?"

मी मनात आकडा मांडला. "पाच हजार. म्हणजे तेरा वर्षं आणि वर आणखी."

"त्यांना विचार, तेरा वर्षं कोण जगतंय?"

"हाताला सांगतो," मालक म्हणाले, "नेम धरला की अर्धा टाकून जाता येत नाही. तेरा वर्षं मरायची सवड नाही."

मी वही घातली. तारीख, सरक्या काढल्या किती, वाती वळल्या किती. पहिल्या दिवशी वाती तीन झाल्या. त्यांना वाती म्हणणे धाडसाचे होते. एक सुरवंटासारखी, एक टोकाला उसवलेली, आणि तिसरी कशासारखी ते सांगता येत नाही. पंधरा दिवसांनी वीस भरू लागल्या. सगळ्या वाकड्या. पण भिंतीवरची खूण वर चालली. एक बोट, मग आणखी एक.

यानंतर जे झाले त्याचा दोष मी कोणावर ढकलत नाही, कारण वही माझी होती.

श्रावण लागला. लाख वातींचा नेम आळीत कळला. अशा नेमाला हातभार लावणे आपल्याकडे पुण्याचे समजतात. दुपारी जेवणे आटोपली की शेजारच्या बायका येऊन बसू लागल्या. वकिलांची पत्नी, मास्तरांची बहीण, समोरच्या दोघी. माझी पत्नी तर होतीच. गप्पा आणि वाती. "तुम्ही पडा हो जरा, आम्ही वळतो," असे आईला सांगत. आईलाही बरे वाटे, कल्याणहून आल्यापासून तिच्याभोवती चार माणसे प्रथमच जमत होती. वहीत वीसचे शंभर झाले, शंभरचे तीनशे. मी संध्याकाळी कचेरीतून येऊन डबा मोजी आणि आकडा लिही. तेरा वर्षांचे वर्षभरावर आले, याचा मला आनंद होत होता. भिंतीवरच्या खुणा मात्र तोंडाच्या रेघेच्या चार बोटे खाली थांबल्या होत्या. मी तेही लिहीत होतो, दुसऱ्या पानावर. दोन पाने शेजारी ठेवून वाचण्याचे मला सुचले नाही.

भाद्रपदात मालक आले. मी अभिमानाने वही दाखवली. त्यांनी वही बाजूला ठेवली आणि डबा मागितला. उंबऱ्याबाहेर पाय पसरून बसले, सगळ्या वाती पंच्यावर ओतल्या आणि निवडू लागले, तांदूळ निवडतात तशा. एकीकडे सरळ, गोंडस, टोक काढलेल्या. दुसरीकडे वाकड्या. सरळ वातींचा ढीग झाला. वाकड्या ओंजळभर निघाल्या.

"या कोणाच्या?" त्यांनी ढिगाकडे बोट केले.

माझी पत्नी दाराआडून म्हणाली, "सगळ्यांनी मिळून केल्या. व्रताला हात लावला तर पुण्य लागतं. चुकलं का काही?"

"पुण्य वाटून घ्या बाई. बोटं वाटून घेता येत नाहीत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमची वही बरोबर आहे. प्रत्येक आकडा बरोबर आहे. आणि ती खोटी आहे."

कचेरीत साहेबाने कागद तोंडावर फेकले तेव्हाही मला इतके लागले नव्हते.

माझी पत्नी मात्र गप्प राहिली नाही. ती रडवेली झाली होती. "आम्ही त्यांचं बघत नाही का? त्या एकभुक्त राहतात, तेवढं एक जेवण मी स्वतः भरवते. एक दिवस चुकवलं नाही."

मालकांनी मान वर केली. "एकभुक्त? केव्हापासून?"

"आजारापासून. नेम आहे त्यांचा."

मालक हाताकडे वळले. फार हळू आवाजात म्हणाले, "एकदाच का जेवतोस रे?"

परसात रहाट ओरडत होता, कोणीतरी पाणी काढत होते. मग आई सुनेला म्हणाली, "त्यांना सांग, नेम नाही. दोनदा भरवून घ्यायची लाज वाटते."

आम्ही दोघे तिच्याबरोबर एका घरात राहत होतो. माझ्याकडे तिच्या औषधांची यादी होती, पथ्याची होती, वातींची होती. ती रोज संध्याकाळी उपाशी निजत होती, हे कुठल्याच यादीत नव्हते.

मालक उठले. पायाचे अर्धवर्तुळ काढत उंबऱ्याजवळ आले. "चार बोटं राहिली आहेत. उद्यापासून भरवायचं नाही. पान समोर ठेवायचं. डावा हात पदरात बांधायचा. सगळ्यांनी बाहेर जायचं."

"आणि नाही जमलं तर उपाशी ठेवू?" पत्नीने विचारले.

"आजारापासून रोज एक वेळ उपाशीच आहे. ते तुमच्या मायेनं. आता थोडं माझ्या सांगण्यावरून."

ती त्यांच्यावर इतकी चिडली की दोन दिवस त्यांच्या वाटेने गेली नाही. पण युक्ती तिनेच काढली. आईची बोटे वात चिमटीत धरू शकतात हे तिने पाहिले होते. तिने भात कालवून त्याचे आवळ्याएवढे गोळे केले आणि पानावर ओळीने मांडले. कालवायला नको, घास करायला नको, फक्त उचलायचे. मग आम्ही बाहेर गेलो आणि दार लोटून घेतले.

पहिल्या दिवशी आत गेलो तेव्हा पानावर नऊ गोळे जसेच्या तसे होते आणि एक आईच्या मांडीवर पडलेला होता. ती म्हणाली, "भूक नाही." पत्नीने माझ्याकडे पाहिले. मी भिंतीकडे पाहिले. संध्याकाळी पान पुन्हा ठेवले. दुसऱ्या दिवशी मांडीवर तीन पडले होते आणि हनुवटीला भात लागला होता. त्या भातावर मी फार वेळ विचार केला. हनुवटी तोंडाच्या रेघेपासून दोन बोटांवर असते.

पाचव्या दिवशी पानावर आठ गोळे उरले होते आणि मांडीवर एकही नव्हता.

तेव्हापासून माझी पत्नी दर चार दिवसांनी एक गोळा कमी करून तेवढा भात मोकळा ठेवू लागली. आई तो स्वतः गोळा करी, सांडी, पुन्हा गोळा करी. जेवण दीड तास चाले. दुपारचे पान उचलले की थोड्याच वेळात संध्याकाळच्याची तयारी. पण दोन वेळा पान ठेवले जाई. शेजारच्या बायका येत, आता फक्त गप्पा मारायला. आई वाती एकटी वळे. कोणी सवयीने कापसाला हात लावला, की ती डाव्या हाताने तो हात दूर करी.

सगळे बरे झाले असे कोणी समजू नये. माझ्याजवळ तीही यादी आहे. पाय ती शेवटपर्यंत ओढत चालली. ओले लुगडे तिला कधीच पिळता आले नाही. करंगळी उघडली नाही. लाख वातीही पुऱ्या झाल्या नाहीत. अकरा वर्षांनी आई गेली, तेव्हा वहीचा आकडा अठ्ठ्याहत्तर हजार चारशे होता. उरलेल्या कोणी वळल्या नाहीत. पत्नीने सरकी न काढलेला कापूस तसाच पिशवीत बांधून ठेवला.

मालक तिच्या आधी दोन वर्षे गेले, तळ्याच्या दुसऱ्या फेरीहून घरी येऊन बसले आणि गेले. घर विकले गेले. नव्या मालकाने पहिल्याच दिवशी रहाटाला तेल घातले. पहाटे आम्हा सर्वांनाच उशिरा जाग आली.

पण मला सांगायचा आहे तो मार्गशीर्षातला एक रविवार, त्याच पहिल्या वर्षीचा. सकाळी आई सुनेला म्हणाली, "आज मालकांना जेवायला सांग."

मी सांगायला गेलो. ते कोटाची बटणे घासत होते. मान न उचलता म्हणाले, "पोट ठीक नाही."

मी परत येऊन सांगितले. आई थोडी हसली. म्हणाली, "जा, म्हणावं बोलावणं पोटाला नाही. गुडघ्याला आहे."

मी तसेच सांगितले. मालक बटण घासायचे थांबले. माझ्याकडे बघत राहिले. मग पाय धुवायला विहिरीवर गेले.

आत आल्यावर ते उंबऱ्याशी थबकले. एकच पान मांडले होते. कोपऱ्यात, भिंतीच्या बाजूला, आणि त्याच्या डावीकडे भिंतीलगत दुसरा एक पाट आडवा ठेवलेला, वर घडी केलेली घोंगडी. त्या बाजूला कोणाचे पान नव्हते. पाय पसरला तरी तो फक्त भिंतीकडे जाणार होता. सकाळपासून पत्नीकडून तीनदा मांडामांड करून घेतली होती आईने. एवढे महिने पदराआडून ती काय पाहत होती, ते मला तेव्हा समजले.

मालक बसले. पाय पाटावर ठेवला. आई भिंतीला धरत पुढे आली, डाव्या हाताने सुनेच्या हातातल्या मिठाच्या वाटीची कड धरली आणि उजव्या हाताची तीन बोटे वाटीत घातली, वात वळताना घालतात तशी. चिमूट उचलली. हात थरथरत पानावर आला. मीठ पानाच्या डाव्या कोपऱ्यात पडले, थोडे मध्ये पडले, थोडे पाटावर.

मालक हाताकडेच पाहत होते. सवयीने म्हणाले, "काय रे, मीठ वाढायला कधी शिकलास?"

आईने पदर थोडा मागे घेतला.

"हाताला काय विचारता?" ती म्हणाली. माझ्याकडे न वळता, सुनेकडे न वळता. "मला विचारा."

मालकांनी मान वर केली. सहा महिन्यांत त्यांनी तिचा चेहरा पाहिलेला नव्हता. ते क्षणभर गोंधळले, एका हाताने कोटाचे बटण चाचपले.

"बाई," ते म्हणाले, "केव्हापासून जमतंय?"

"परवापासून," आई म्हणाली. "पाय नीट पसरा. भात निवतोय."